उजव्या बाजूला पडलेली सायकल

दादा माझ्याकडे राहायला आला त्याला आता अडीच वर्षं होतील. वहिनी गेली, ओझरच्या घरात तो एकटा पडला, आणि त्याच सुमारास त्याच्या उजव्या हाताची थरथर वाढली. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. त्याचा मुलगा परदेशात असतो. मी नाशकात, पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी. लग्न केलं नाही. त्यामागे सांगण्यासारखी काही गोष्ट नाही. त्यामुळे दादा माझ्याकडे येणार हे कुणी ठरवलं असं झालंच नाही. ते आपोआप ठरलं.

येताना त्याने दोन बॅगा, औषधांचा डबा, हत्यारांची एक पत्र्याची पेटी आणि सायकल आणली. सायकल कशाला, असं मी तेव्हा विचारलं नाही. टेम्पोतून ती उतरवून घेतली आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये माझ्या स्कूटीशेजारी भिंतीला लावली.

गडद हिरव्या रंगाची, पोलादी फ्रेमची, जाड टायरची माउंटन बाइक. दादा ओझरच्या विमान कारखान्यात होता. तीसेक वर्षांपूर्वी तिथे एक परदेशी इंजिनिअर वर्षभरासाठी आला होता. गेस्ट हाऊसपासून हँगरपर्यंत तो या सायकलवर यायचा, आणि परत जाताना ती दादाला देऊन गेला. मागच्या चाकावर सात दातेरी चकत्या, आणि हँडलवर अंगठ्याने ढकलायची एक छोटी दांडी. दांडी एकेक टक् करत पुढे जाते आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकते. त्या काळी नाशकात अशी सायकल क्वचितच दिसायची. दादा तिच्यावरून रविवारी त्र्यंबकला जायचा, एकदा तर इगतपुरीपर्यंत जाऊन संध्याकाळी परत आला होता. मी तेव्हा बी.एड. करत होते. तो आल्यावर पाय पसरून ओसरीत बसला आणि दोन तांबे पाणी प्यायला, एवढंच मला आठवतं.

माझ्याकडे आल्यावर पहिलं दीड वर्ष सायकल नुसती उभी होती. दादाचं चालणं हळूहळू आखडत गेलं. न्हाणीच्या उंबऱ्याशी आला की त्याचे पाय जमिनीला चिकटायचे. एक पाऊल उचलायला मिनिट लागायचं, आणि मागे मी टॉवेल घेऊन उभी, शाळेची वेळ झालेली. मग व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक दिवस विचारलं, "काका सायकल चालवायचे का? या आजारात चालता येत नाही तरी पुष्कळांना सायकल चालवता येते. करून बघा."

माझा विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सायकल बाहेर काढली. मी दोन्ही हातांनी हँडल धरलं, तो कसाबसा पाय टाकून बसला, मी सोडलं, आणि तो गेला. सरळ, एका चालीत, कुठेही न अडखळता, कॉलनीच्या रस्त्याने पांडवलेणीच्या डोंगराच्या दिशेने. ज्याला न्हाणीचा उंबरा ओलांडता येत नव्हता तो माणूस.

मला भरून यायला हवं होतं. पण खरं लिहायचं तर माझ्या मनात आधी आलं ते असं, की आता रोज पहाटे आणखी पाऊण तास गेला.

कारण त्याला बसवायला मी लागायचे आणि उतरवायलाही मीच. तो जाऊन येईपर्यंत मी मागून चालत राहायचे, कुठे पडला तर असावं म्हणून. मग घरी येऊन त्याची आंघोळ, नाश्ता, सकाळच्या गोळ्या, माझा डबा, आणि सातवी ते दहावीचं गणित. संध्याकाळी परत गोळ्या, भाकरी, पेपर तपासणी. मी छप्पन्न वर्षांची आहे. माझे गुडघे तेव्हाही दुखत होते. ही तक्रार नाही, पण पुढचं समजायला ते सांगितलेलं बरं.

डिसेंबरात एका सकाळी मला उशीर झाला होता. चाचणीच्या पेपरांची पिशवी स्कूटीला अडकवून मी गाडी मागे घेतली, आणि पिशवीचा बंद सायकलच्या हँडलमध्ये गुंतला. सायकल आडवी झाली. पार्किंगच्या कडेला सिमेंटचा एक उंचवटा आहे, त्यावर ती उजव्या बाजूने आपटली. मी उचलून उभी केली. वरवर पाहिलं. काही तुटलेलं दिसलं नाही. भिंतीला टेकवून मी शाळेत गेले.

दुसऱ्या दिवशी चढावर दादाने अंगठ्याने दांडी ढकलली आणि चेन दोन चकत्यांच्या मधे खडखडत राहिली. मग एकदम उडी मारून पुढच्या चकतीवर बसली. त्याचा पाय झटक्याने खाली गेला. पडला नाही, पण थांबला. मी जवळ पोचले तेव्हा तो खाली वाकून मागच्या चाकाकडे बघत होता.

"तार ढिली झालीय," तो म्हणाला. आजाराने त्याचा आवाज इतका बारीक झालाय की कान जवळ न्यावा लागतो. "उन्हाळ्याआधी ताणली होती. बघू."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, असेल तारच. आणि आधीच सव्वासात वाजले होते.

दादाला तार वाटणं साहजिक होतं. कारखान्यात त्याने जन्मभर तेच काम केलं. वैमानिकाच्या पायाजवळून विमानाच्या शेपटीपर्यंत पोलादी तारा जातात, त्या ताणून नेमक्या बसवायच्या, मापून सही करायची. सायकलच्या दांडीपासूनही एक बारीक तार मागच्या गिअरपर्यंत जाते. चेनला या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा जो खटका मागच्या चाकापाशी लोंबत असतो, त्याला ती तार ओढते. तार ढिली तर खटका कमी सरकणार. हिशेब सरळ होता.

पण पाना धरणारे त्याचे हात आता काम देत नव्हते. त्याने पेटी उघडून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्क्रूच्या खाचेत तो बसवायला गेला, तर टोक खाचेभोवती नुसतं नाचत राहिलं. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. मग माझ्याकडे न बघता स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

अशी मी त्याचे हात झाले. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गोणपाट टाकून मी खाली बसायचे आणि तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सांगायचा.

"तार जिथे आत शिरते तिथे एक छोटा गोल नट आहे. तो अर्धा फेरा बाहेर. अर्धा. तू पूर्ण फिरवलास."

"अर्धाच फिरवला."

"पाऊण झाला. मागे घे थोडा."

मी मागे घ्यायचे. मग एका हाताने चाक उचलून दुसऱ्या हाताने पेडल फिरवायचं, आणि तो खुर्चीतून ऐकायचा. छोट्या चकत्यांवर चेन नीट चालली की मोठ्या चकत्यांवर खरखर. मोठ्यांवर नीट बसवली की छोट्यांवर आपोआप उडी. दोन्ही एकदम जुळायचं नाही. तीन रविवार आम्ही हे केलं. त्याने मला सगळ्या चकत्या रॉकेलने धुवायला लावल्या, दातांमधला काळा चिखल टाचणीने काढायला लावला. चेनच्या कड्या झिजल्यात का ते पट्टीने मोजायला लावलं. झिजल्या नव्हत्या. खटका आत-बाहेर किती जाईल हे ठरवणारे दोन स्क्रू असतात, त्यांना मात्र हात लावू दिला नाही. "ते जागेवर आहेत. त्यांना कुणी हलवलेलं नाही. जे हलवलं नाही ते बिघडत नाही," तो म्हणाला.

मी खाली मान घालून पेडल फिरवत राहिले.

मधल्या एका दिवशी शाळा सुटल्यावर सायकल टेम्पोत घालून भद्रकालीतल्या एका जुन्या सायकल दुकानात नेली. दुकानदार माझ्याच वयाचा. त्याने मागचं चाक फिरवून बघितलं, दांडी दोन-चार वेळा ढकलली.

"मॅडम, याचा माल आता मिळत नाही. नवीन आठ गिअरचा सेट टाकून देतो. दांडी, खटका, चकत्या सगळं बदली."

"भाऊ नाही म्हणेल."

"मग तार आणि वरची नळी नवीन टाकतो. जुनी गंजली असेल आतून."

त्याने दोन्ही नवीन घातल्या. दादाने घरी आल्यावर नळीची कापलेली टोकं बोट फिरवून तपासली, मान हलवली. काम चांगलं होतं. पण चेन तशीच उड्या मारत होती.

एव्हाना तीन आठवडे झाले होते. रोज वाटायचं, आज सांगू. पण पहिल्या दिवशी जे सहज सांगता आलं असतं, ते आता इतके रविवार वाया घालवल्यावर सांगायचं कसं? आणखी एक गोष्ट होती, ती मी स्वतःशीसुद्धा नीट बोलत नव्हते. सायकल बिघडली तशी दादा रोज जाईनासा झाला. कधी दोन दिवसांनी, कधी तीन. ज्या दिवशी तो जायचा नाही त्या दिवशी मी साडेसहापर्यंत झोपायचे. जानेवारीची नाशिकची थंडी, अंगावर दोन गोधड्या, आणि कुणी उठवत नाही. ही सायकल अशीच पडून राहिली तर बरं, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी तो म्हणाला, "आज जातो. चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकीन, ती तरी धरते."

मी मागून चालत होते. चढ सुरू झाला, त्याने दांडी पूर्ण ढकलली, चेन मोठ्या चकतीवर चढली. आणि टिक, टिक, टिक असा आवाज यायला लागला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, लोखंडाला लोखंड घासल्याचा. तो पेडल मारतच होता. मी धावले. बऱ्याच वर्षांत मी अशी धावले नव्हते. हँडल धरून सायकल थांबवली.

दादाने मला धरून पाय खाली टेकवले आणि वाकून बघितलं. खटक्याची खालची पट्टी चाकाच्या तारांना लागत होती. तीन तारांवर ताजे चकचकीत ओरखडे उठले होते.

"आणखी अर्ध्या सुताने आत गेली असती तर तारांत अडकली असती," तो म्हणाला. "चाक जागेवर थांबलं असतं."

तो घाबरलेला नव्हता. काय झालं असेल याचा विचार करत होता. सायकल हातात धरून, त्याला दुसऱ्या हाताने सावरत मी घरी आणलं. न्हाणीपाशी त्याचे पाय चिकटले, नेहमीसारखे. मी टॉवेल घेऊन मागे उभी होते. तिथे, त्याच्या पाठीमागे उभी राहून मी सांगितलं.

"दादा, सायकल माझ्या हातून पडली होती. डिसेंबरात. स्कूटी काढताना."

तो वळला नाही. वळणं त्याला तसंही सोपं नसतं. त्याने विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"कशावर?"

"तो सिमेंटचा उंचवटा आहे ना, त्यावर."

"मग तार नाही," तो म्हणाला. "खटक्याचा कान वाकलाय."

मी शाळेत फोन करून अर्धी रजा घेतली. त्याला आंघोळ घातली, पोहे केले. तो खायला बसला. चमचा हलत होता, पोहे ताटलीबाहेर सांडत होते, आणि मी ते रोज उचलते तसे उचलत होते. मग तो म्हणाला, "आमच्याकडे विमानात काम करताना पाना हातातून पडला तर लगेच सांगायचं असा नियम होता. सांगणाऱ्याला कुणी ओरडत नसे. पाना सापडेपर्यंत सगळे थांबायचे, बस."

"मला सांगायचंच होतं."

"मग?"

"मला वाटलं, सायकल बंद पडली तर बरं होईल," मी म्हणाले. "मी दमलेय दादा. पहाटे उठवत नाही मला."

त्याने चमचा खाली ठेवला. चेहऱ्यावरून आता त्याचं काही कळत नाही; या आजारात चेहरा थिजल्यासारखा होतो. पूर्वी त्याला राग आला की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मी त्या बघितल्या. तशाच होत्या, फिकट.

"गोळी दे," तो म्हणाला. "आणि त्या भद्रकालीवाल्याकडून एक मागचं चाक मागून आण. गिअरच्या सायकलचं. जुनं चालेल, पण मधला आस सरळ हवा."

दुकानदाराला आधी कळेना मला काय हवंय. मी म्हटलं, नुसतं एक चाक, उद्या परत देते. त्याने मोडीतल्या ढिगातून एक काढून दिलं. ते स्कूटीवर पायांपाशी उभं धरून मी घरी आणलं, सिग्नलला लोक बघत होते.

मागचा खटका ज्याला लटकतो तो फ्रेमचाच एक लोखंडी तुकडा असतो, मागच्या चाकाच्या आसाखाली कानासारखा आलेला. त्याच्या भोकाला आटे असतात. दादाने मला खटका खोलायला लावला, आणि त्या भोकात मागून आणलेल्या चाकाचा आस फिरवून बसवायला सांगितलं. आटे जुळले. आता सायकलच्या मागच्या चाकाशेजारी दुसरं चाक उभं राहिलं. कान सरळ असता तर दोन्ही चाकं एकमेकांना समांतर असती. ती नव्हती. बघताक्षणी कळत होतं. खाली जवळ आलेली, वर फाकलेली.

"मोज," दादा म्हणाला.

मी शाळेतली पट्टी लावून वरचं अंतर मोजलं, मग खालचं. दोन बोटांहून जास्त फरक होता. कान आत वाकला होता, आणि त्याबरोबर लोंबणारा खटकाही, चाकाच्या तारांकडे. तीन रविवार आम्ही तार ताणत आणि ढिली करत होतो.

"आता वरून आत दाब आणि खालून बाहेर ओढ. हळू. एकदम नाही. लोखंड तुटत नाही, पण मागे-पुढे वाकवलं तर तुटतं. एकाच बाजूला, हळूहळू."

मी गुडघे टेकून बसले. चाक दोन्ही हातांनी धरलं. दादा खुर्चीतून उठून माझ्या मागे आला, भिंतीला धरून, आणि त्याने थरथरता हात माझ्या हातावर ठेवला. जोर मीच लावत होते. त्याच्या हातात जोर नव्हता. पण कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं. "अजून. अजून थोडं. बस." सोडलं की लोखंड जरा मागे यायचं. परत मोजायचं. परत दाबायचं. असं सात-आठ वेळा केलं. मग वरचं आणि खालचं अंतर सारखं आलं, पुढचं आणि मागचंही.

"रोज नको," तो मागून म्हणाला.

"काय?"

"पहाटे. रोज नको. आठवड्यातून तीनदा पुरे."

मी हो म्हणाले. चाक काढलं, खटका परत लावला. तार जोडली, नट अर्धा फेरा फिरवला. खरोखरच अर्धा. पेडल मारून दांडी एकेक टक् पुढे नेली. पहिली, दुसरी, तिसरी चकती, सगळीकडे चेन शांतपणे बसली. सहाव्यापर्यंत. सातव्या, सगळ्यात मोठ्या चकतीवर जायला ती जरा कां-कूं करत होती. मी परत पाना उचलला तर दादाने हाताने नको म्हटलं. दांडीच्या बुडाशी एक कडी असते. ती फिरवली की टक् टक् बंद होतं आणि दांडी हवी तिथे थांबवता येते. जुन्या दांड्यांना अशी सोय असायची. ती कडी त्याने मला फिरवायला लावली. "इतकी वर्षं झाली. टक् नाही केलं तरी चालेल. मी ऐकून लावतो," तो म्हणाला.

तेव्हापासून तो तसंच चालवतो. दांडी अंदाजाने सरकवतो, खरखर आली की केसभर मागे घेतो. ते त्याला जमतं, कारण ते अंगठ्याच्या एका ढकलण्याचं काम आहे आणि थरथरीने त्यात फारसं बिघडत नाही. चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर जातो आणि तारांना काही घासत नाही. मी मागून चालते.

सगळं नीट झालं असं म्हणता येणार नाही. गेल्या दोन महिन्यांत त्याचा डावा हातही थरथरायला लागलाय. डॉक्टरांनी गोळी वाढवली, त्याने दुपारभर झोप येते. सायकलवर बसायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि एकदा बसवताना आम्ही दोघंही सायकलीसकट कुंपणावर कलंडलो. लागलं कुणाला नाही. त्या दिवशी तो गेला नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार ठरलेत. बाकीच्या दिवशी मी झोपते. म्हणजे झोपायचा प्रयत्न करते. साडेपाचला पलीकडच्या खोलीतून मला त्याच्या बुटांचा आवाज येतो. बसल्या बसल्या तो बुटांचे बंद बांधायचा प्रयत्न करत असतो, आज सायकलचा दिवस नाही हे माहीत असूनही. पंधरा-वीस मिनिटं तो आवाज चालतो. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. उठत नाही.